अप्पांच्या आधी वळायचं नाही

गुरुमूर्तींच्या घरात बुडालेला खजिना आजवर कोणाच्याही हाती लागला नव्हता. अकरा रविवार झाले, दर रविवारी तीन डाव, आणि प्रत्येक डावात घरातली चारही माणसं अगदी रीतसर बुडून मेली होती.

खेळ प्राणेशला ऑफिसातल्या कोणीतरी भेट दिलेला. पुठ्ठ्याचा निळा पट, वरच्या टोकाला एक बोट, खाली तळापर्यंत खजिन्यांच्या चकत्या. फासा टाकायचा, खाली उतरायचं, वाटेत सापडेल तो खजिना उचलायचा आणि जिवंत वर यायचं. मेख एवढीच की हवेची टाकी चौघांत मिळून एक. ज्याच्या हातात जितके खजिने, तितकी हवा त्याच्या प्रत्येक पाळीला उडायची, शिवाय त्याची चालही तितकीच मंदावायची. परत फिरायचं असेल तर फासा टाकण्याआधी मोठ्यानं सांगायचं, "मी वळतो." हवा संपेपर्यंत बोटीवर पोचलात तर खजिना तुमचा. नाही पोचलात तर खजिन्यासकट तुम्ही समुद्राचे.

सोबतच्या पुस्तिकेत एक नियम मात्र छापलेला नव्हता. अप्पांच्या आधी कोणी वळायचं नाही.

हा नियम कोणी केला नव्हता, कोणी बोलूनही दाखवला नव्हता. सुष्मिता मिरजेची. प्राणेशशी लग्न होऊन चेन्नईत आली त्याला तीन वर्षं झाली, पण पहिल्या रविवारी तिच्यातली मिरज जागी होती. तिसऱ्याच पाळीला तिनं हातातला एक खजिना पाहिला, टाकीतली हवा पाहिली आणि चारचौघी म्हणतील तसं म्हणाली, "मी वळते." प्राणेशला खोकला आला. सासूबाई, म्हणजे कनकाअम्मा, शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. सासरे गुरुमूर्ती, म्हणजे अप्पा, पटावरून नजर न काढता गोड आवाजात म्हणाले, "वळ गे, वळ. तुला जायाचें असेल तर आम्ही कोण धरणार?" सुष्मितानं सोंगटी निमूट पुन्हा खाली वळवली. तेव्हापासून चौघंही एकत्र बुडत आले होते.

तसं पाहिलं तर यात नवं काही नव्हतं. जेवायला बसलं की अप्पा ताक-भात संपवून उठेपर्यंत पानावरून कोणी उठत नसे, आणि अप्पांचा ताक-भात पाऊण तास चाले. तंजावराहून मद्रासेस आलेलं हे मराठी घराणं. तंजावरच्या शहाजीराजांच्या काळात सांबार यांच्याच कोण्या पूर्वजानं पहिल्यांदा ढवळलं असं अप्पा सांगत, आणि बाकीचे ऐकत. थोरला उठल्याखेरीज उठायचं नाही, ही रीत सांबारापेक्षाही जुनी.

आजचा बारावा रविवार. डिसेंबरचा. पाऊस तिसऱ्या दिवसात होता. वीज पहाटेच गेलेली, फोनला सकाळपासून सिग्नलची एक दांडी नाही. गिंडीच्या कारखान्यांमागं, अड्यार नदीच्या अंगाला ही बैठ्या घरांची वसाहत. अप्पांनी चौतीस वर्षं त्याच कारखान्यांपैकी एकात प्रेशरची घड्याळं तपासण्यात घालवली होती. कोणत्या नळीत किती दाब चढला की काय फुटतं, हे त्यांना झोपेत उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. प्रश्न त्यांना झोपेतून उठवायचं कोणी, एवढाच होता.

नऊ वाजता रिक्षावर भोंगा लावून माणूस आला. तलावाचे दरवाजे उघडणार आहेत, सखल भागातल्या लोकांनी निघावं, असं तमिळमध्ये तीनदा ओरडून गेला.

"भोंगा आहे म्हणजे ओरडणारच," अप्पा म्हणाले. "प्राणेश, पट मांड."

प्राणेशनं बायकोकडं पाहिलं आणि पट मांडला.

दहा वाजता पाणी फाटकातून आत आलं, पाहुण्यासारखं, जरा संकोचून. मग संकोच गेला. घराला चार पायऱ्या. पहिली गेली तेव्हा अप्पांच्या हातात दोन खजिने होते. दुसरी गेली तेव्हा चार. टाकीतली हवा अर्ध्यावर आली आणि अप्पांनी पाचवा उचलला.

मागच्या गल्लीतून, दुमजली घराच्या गॅलरीतून शेजारी राममूर्ती सकाळपासून हाका मारत होते. त्यांचं आणि अप्पांचं पाच वर्षं बोलणं नव्हतं. कुंपणावर वाकलेल्या शेवग्याच्या झाडावरून. तरी माणूस छत्री घेऊन गॅलरीत उभा राहिला होता आणि घसा फोडत होता, "सार! वरती या सार! शेंगा तुमच्या, झाड तुमचं, पण वरती या!"

"आतां कबूल करतो आहे," अप्पा समाधानानं म्हणाले आणि फासा टाकला.

सुष्मिताचं लक्ष पटावर नव्हतं. तिला न्हाणीघरातून आवाज येत होता. मोरीच्या जाळीतून कोणीतरी खाली बसून गुळण्या करतंय असा. ती उठली, "पाणी प्यायचंय," असं सांगून. तेवढी मुभा होती. न्हाणीघराचं दार लोटलं तर जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं आणि त्याच्या आधी झुरळं. शेकड्यांनी. भिंतीवरून वर, सगळी एका दिशेला, न बोलता, न थांबता. त्यांच्यात थोरला कोण हे कोणी विचारत नसावं.

तिनं दाराच्या फटीत जुना टॉवेल कोंबला आणि स्वयंपाकघरात आली. कनकाअम्मा देवांचा डबा पिशवीत भरत होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. भिंतीला धरून चालत. कमरेइतक्या पाण्यातून या बाईला कोण आणि कसं नेणार, याचा विचार सुष्मिता पहाटेपासून करत होती. गुडघाभर पाण्यातून नेता येईल. पायऱ्या दोनच उरल्या होत्या.

"अम्मा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

"मी काय सांगूं?" अम्मा कुजबुजल्या. "ते तरी काय करतील? फोन येत नाहीं न."

"कुणाचा फोन?"

ही मुलगी तीन वर्षं या घरात नेमकं काय पाहत होती, अशा नजरेनं अम्मांनी तिच्याकडं पाहिलं. "अण्णांचा."

अण्णा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ वेंकोबा. वय ब्याऐंशी. एग्मोरला तिसऱ्या मजल्यावर मुलाकडं राहत. प्राणेश त्यांना पेरियप्पा म्हणे. हे घर बांधलं तेव्हा गृहप्रवेशाला त्यांनीच धाकट्याचा हात धरून उंबरठ्यातून आत आणलेलं. आता थोरल्यानं आत आणलेल्या माणसानं थोरल्याच्या शब्दावाचून घर सोडायचं कसं? काशीला गेले तेव्हा विचारून गेले. मोतीबिंदू काढायला एक रात्र दवाखान्यात राहिले, तेही विचारून.

"म्हणजे अप्पा..."

"घाबरले आहेत गे," अम्मा म्हणाल्या. "रात्रभर झोंपले नाहींत. पण उठतील कसे?"

सुष्मिता बाहेर आली आणि सासऱ्यांकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. अप्पांच्या उजव्या मांडीखाली फोन होता. फासा टाकला की ते तो थोडा सरकवून पडद्याकडं पाहत, मग पुन्हा मांडी त्यावर ठेवत. सहावा खजिना त्यांनी हावेनं उचललाच नव्हता. थांबायचं असेल तर माणसानं काहीतरी उचलत राहावं लागतं, म्हणून उचलला होता.

तिला हसू आलं आणि लगेच विरलं. आपण अप्पांसाठी थांबलोय, अप्पा पेरियप्पांसाठी थांबलेत, आणि तिसरी पायरी कोणासाठीच थांबलेली नव्हती.

साडेअकराला तिनं ठरवलं. "अप्पा, फोन द्या. व्हरांड्याच्या कोपऱ्यात कधीकधी दांडी येते."

अप्पांनी मांडी उचलली. इतक्या पटकन, की तिला वाईट वाटलं.

व्हरांड्यापुढं पाणी तिसऱ्या पायरीवरून वाहत होतं. रस्त्यावरून एक प्लास्टिकची खुर्ची, एक गॅसचं सिलिंडर आणि एक तुळशीवृंदावन रांगेनं चाललं होतं. फोन मेलेला होता. सुष्मितानं तो कानाला लावला आणि आतल्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "हॅलो? पेरियप्पा? हो, हो, मीच. नमस्कार करते."

आत फासा थांबला.

"नाही हो, अजून घरातच आहोत. अप्पा? बसलेत. हो. नाही, मी सांगितलं... हो पेरियप्पा. चुकलंच. नाही, तसं नाही, तुमच्या शब्दाबाहेर... हो. हो. लगेच." इथं ती थोडा वेळ मान खाली घालून नुसती ऐकत उभी राहिली. तिच्या बँकेत वरच्या साहेबाचा फोन आला की असंच उभं राहायचं असतं, सवय होती. "ठेवते."

ती आत आली. चेहरा पाडायला फार कष्ट पडले नाहीत.

"काय म्हणाला अण्णा?" अप्पा अर्धे उठलेलेच होते.

"रागावले. म्हणाले, त्या गाढवाला अजून अक्कल कशी आली नाही? पोरीबाळी घेऊन पाण्यात बसलाय? म्हणाले, या घटकेला ऊठ म्हणावं."

"गाढव म्हणाला?"

"दोनदा."

अप्पांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की तीन दिवसांत त्या घरात तेवढा उजेड नव्हता. "अण्णाच तो," ते म्हणाले आणि उठून उभे राहिले. "चला! बसलां कशाला सगळे? अण्णा रागावला आहे!"

आणि मग जे घर अडीच तास हललं नव्हतं ते सात मिनिटांत रिकामं झालं. पुढच्या रस्त्याला ओढ फार होती, म्हणून मागच्या दारानं निघायचं ठरलं. अप्पांनी पुढच्या दाराला आतून वरची कडी लावली, खालची लावली, आडणा घातला. चौतीस वर्षं तपासनीस होते. पाण्यालाही आत यायचं तर रीतसर यावं लागेल अशा बेतानं त्यांनी सगळं बंद केलं. अम्मांना खुर्चीवर बसवून एका बाजूनं प्राणेशनं आणि दुसऱ्या बाजूनं, खाली उतरून आलेल्या राममूर्तींनी उचललं. पाणी मांडीला लागत होतं. अम्मांच्या मांडीवर देव, डोक्यावर सुष्मितानं धरलेली छत्री; मिरवणुकीला फक्त वाजंत्री कमी होती.

बाराच्या सुमाराला सगळे राममूर्तींच्या वरच्या मजल्यावर होते. राममूर्तींनी टॉवेल दिले, स्टोव्हवर कॉफी टाकली आणि शेवग्याचा विषय काढला नाही. गॅलरीतून आपल्या घराची मागची बाजू दिसत होती. पाऊण वाजता पाणी मागच्या दाराच्या कडीपर्यंत आलं. सव्वा वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट गेली. राममूर्तींच्या खालच्या खोल्यांत भांडी भिंतींवर आपटताना ऐकू येत होती, लग्नघरात पंगत वाढताना येतो तसा आवाज. प्राणेशनं बायकोचा हात धरला. सुष्मिताला वाटलं, एवढ्या एका खोट्याचं पाप लागलं तर लागू दे. चार माणसं कोरडी बसली आहेत.

दीड वाजता अप्पांचा फोन वाजला.

सगळे दचकले. अप्पांनी पडदा लांब धरून वाचला. "विद्यालक्ष्मी," ते म्हणाले. एग्मोरची, वेंकोबांची सून; सासऱ्यांना ती मामा म्हणे आणि अप्पांना चित्तप्पा. त्यांनी स्पीकर लावला. मोठ्या घरचा फोन ते नेहमीच सगळ्यांना ऐकवत.

"चित्तप्पा!" पलीकडून आवाज रडका होता. "सकाळपासून लावतें आहें, लागतच नाहीं. मामा पोंचले कां?"

"कोण मामा? अण्णा?"

"ते नऊला निघाले. रिक्षा करूनु. कितीं सांगितलें, ऐकेनात. म्हणाले, मी समोर जाऊनु उभा राहिल्याखेरीज गुरु उठणार नाहीं. मला त्याचा स्वभाव ठाऊक आहे. फोन त्यांच्याबरोबर आहे, पण लागत नाहीं. मी आतां कंट्रोल रूमला सांगणार होतें, एक ओळखीचे आहेत तिथें..."

अप्पा हसले. मनापासून, पोट धरून. "अगे वेडे! रडतेस कां? साडेअकराला सुष्मिताशीं बोलला न तो! खणखणीत होता. मला गाढव म्हणाला, दोनदा. असेल कोठें तरी पुलापाशीं रिक्षा थांबवून. पाणी पाहून परत फिरला असेल. आम्ही सगळे वर आहों, सुखरूप."

"बोलले? साडेअकराला?" पलीकडं एक लांब श्वास सुटला. "देव पावला. मग कोणाला नाहीं सांगत. उगीच त्या लोकांना त्रास..."

"अहो, थांबा," सुष्मिता म्हणाली. निदान तिला वाटलं की ती म्हणाली. फोनमध्ये खरखर झाली आणि दांड्या गेल्या.

"विद्या घाबरटच," अप्पा म्हणाले आणि कॉफीचा टंबलर उचलला.

सुष्मितानंही उचलला. हे पुढं तिनं कोणाला सांगितलं नाही, पण ती ती कॉफी प्याली. पूर्ण. कॉफी असेपर्यंत बोलावं लागत नाही, आणि राममूर्तींचे टंबलर मोठे होते. तळाशी साखर लागली तेव्हा तिनं टंबलर जमिनीवर ठेवला.

"अप्पा, फोन आला नव्हता."

"कोणाचा?"

"पेरियप्पांचा. सकाळी. मी नुसताच कानाला लावला होता. तुम्ही उठावं म्हणून."

प्राणेशनं तिचा हात सोडला. मुद्दाम नव्हे, त्याचा हातच सुटला. ती ओरडा खायला तयार होती. गाढव म्हटलं असतं तर चाललं असतं. पण अप्पा तपासनीस होते. दाब कुठून कुठं गेला असेल ते मनाशी जुळवत बसलेल्या माणसासारखे ते गॅलरीच्या कठड्याकडं पाहत होते.

"नऊला निघाला," ते सावकाश म्हणाले. "पूल चालत ओलांडला असेल. बारा. साडेबारा. आम्ही मागच्या दारानें आलों. पुढचें दार आंतून बंद." त्यांनी मान वर केली. "आंतून कडी आहे म्हणजे गुरु आंत आहे, असेंच त्याला वाटणार. मी ओ देत नाहीं म्हणजे हट्टानें बसलों आहें, असें वाटणार. तो मला उठवायला आला आहे सुष्मिता. मी उठलों, हें त्याला सांगणार कोण?"

राममूर्ती आधीच कठड्यावरून ओणवे होऊन ओरडत होते. मागच्या गल्लीतून कोळ्यांची एक फायबरची बोट चालली होती, किनाऱ्यावरून लॉरीत घालून आणलेली. दोघे होते. एकानं वर पाहून विचारलं, "किती जण आहात?" अशा अर्थाचं काही, तमिळमध्ये. सुष्मिताला एरवी तमिळ बोलताना क्रियापदं सापडत नसत. आज सगळी सापडली. म्हातारा माणूस. ब्याऐंशी. पांढरी वेष्टी नेसलेला. त्या घराच्या पुढच्या दाराशी.

"कधीपासून?" बोटवाल्यानं विचारलं.

"साडेबारापासून," ती म्हणाली. आता दोनला दहा कमी होते. त्यातली पंधरा मिनिटं एका टंबलरची होती.

बोट वळसा घालून घराच्या पुढं गेली आणि दिसेनाशी झाली. गॅलरीतून मागचीच बाजू दिसत होती. छपराची कड आणि तिच्या जेमतेम दोन हात खाली पाणी. इंजिनाचा आवाज घरापलीकडं फिरला, मंदावला, थांबला. मग कोळ्यांच्या हाका आल्या. "अय्या! ओ अय्या!"

अप्पा उठले. धाकट्यानं थोरल्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. शहात्तर वर्षांत त्यांनी ते कागदावरसुद्धा 'श्री. अण्णा' असंच लिहिलं होतं. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि ओरडले, "वेंकोबा! मी इकडे आहें! वेंकोबा! उठलों मी!"

पावसाचा आवाज होता, दुसरा नव्हता.

बऱ्याच वेळानं बोट कोपऱ्यावरून परत आली. माणसं दोनच होती. पुढच्यानं हातात काहीतरी उंच धरलं होतं. जवळ आल्यावर दिसलं, चपलांचा जोड होता. काळ्या, चामड्याच्या, अंगठ्याला शिवण घातलेल्या.

"दाराशेजारी वर मीटरची पेटी आहे ना," तो खालून म्हणाला, "तिच्यावर होत्या. शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. दार आतून बंदच आहे. आणखी कोणी नाही."

अप्पांनी मान हलवली. भावाच्या घरात शिरताना माणूस चपला काढणारच, इतकं त्यांना पटलेलं दिसलं.

"आला होता," ते म्हणाले.

कनकाअम्मा भिंतीला धरून उभ्या राहिल्या होत्या. नवऱ्याला न विचारता, नवऱ्याच्या पुढं, कठड्याशी. "अनवाणी कोठें गेले असतील?" त्यांनी बोटवाल्याला मराठीतच विचारलं, आणि त्याला ते कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली आणि इंजिनाची दोरी पुन्हा ओढली.